कुत्रं दत्तक देण्याआधीच संस्थेने त्याची नसबंदी करावी का?

करावी. तुमच्या बाबतीत संस्थेचं बरोबर आहे, फक्त वेळेच्या मुद्द्यात थोडं तुमचंही खरं आहे.

तुम्ही लिहिलंय की सात महिन्यांची, लॅब्रॅडॉरच्या अंगाची मिश्र मादी आहे आणि ऑपरेशन झाल्याशिवाय संस्था ती देत नाही. लवकर ऑपरेशन केल्यास सांधे बिघडतात असं वाचल्यामुळे तुम्हाला ते ती दोन वर्षांची झाल्यावर करायचंय, आणि तसं हमीपत्र लिहून द्यायलाही तुम्ही तयार आहात. त्या हमीपत्रावरच मला बोलायचंय.

हमीपत्र लिहून देणारी बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, तरीही ते फसतं. पिल्लू दोन महिन्यांचं असताना घरी येतं. लसी होतात, आणि सहाव्या महिन्यात 'अजून लहानच आहे की' असं म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं. मग एक दिवस फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात. आता पशुवैद्यच थांबा म्हणतो, कारण माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, ऊती नाजूक होतात आणि रक्तस्राव जास्त होतो. त्यानंतर दोन-तीन महिने थांबायचं. त्या काळात बऱ्याच माद्यांना खोटी गर्भधारणा होते, आचळात दूध येतं, आणि ते आटेपर्यंत पुन्हा थांबायचं, नाहीतर ऑपरेशननंतरही दूध आणि चिडचिड रेंगाळते. पुढचा माज साधारण सहा-सात महिन्यांनी येतो. म्हणजे ऑपरेशनला सोयीचा काळ मोजकाच उरतो, आणि नेमका तेव्हा घरात लग्न नाहीतर परीक्षा असते.

खरा घोळ माजातच होतो. पहिले नऊएक दिवस रक्त जातं, नर मागे लागतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. या दिवसांत सगळे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. मग स्राव फिकट होतो, घरचे म्हणतात संपलं आणि पट्टा सुटतो. मादी नराला उभी राहते ती नेमकी याच दिवसांत. पुढे सुमारे 63 दिवसांनी पिल्लं. त्यामुळे पहिला थेंब दिसल्यापासून पूर्ण चार आठवडे मोजायचे, रक्त थांबण्यावर जायचं नाही. कुंपणाच्या अंगणातही एकटं सोडायचं नाही.

'अनामत रक्कम घ्या, पावती दाखवली की परत द्या' असं सांगणारे संस्थांमध्येही भेटतात. माझा त्यांच्याशी जुना वाद आहे. जप्त केलेल्या अनामतीने झालेली पिल्लं परत पोटात जात नाहीत. 'अट मोडल्यास कुत्रं परत घेऊ' हे कलमही पोकळ, कारण जागा भरलेली संस्था गाभण मादी परत घेणार कुठे? वर्षभराने फोन करणारा स्वयंसेवक बदललेला असतो, कधी कधी कुत्र्याचं घरसुद्धा. (एका मादीपासून सहा वर्षांत 67,000 कुत्री होतात, हा भित्तीपत्रकांवरचा आकडा मात्र कृपया वापरू नका. त्यासाठी एकूण एक पिल्लू जगून व्यायला हवं. खरं सांगूनही मुद्दा पुरेसा पटतो.)

आता सांध्यांबद्दल. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 साली गोल्डन रिट्रीव्हरवर अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष सुमारे 10 टक्के निघाला, न केलेल्यांच्या दुप्पट. लॅब्रॅडॉरमध्ये हा फरक कमी दिसला. पुढे त्याच गटाने मिश्र कुत्री वजनानुसार तपासली, तेव्हा धोका वाढलेला दिसला तो 20 किलोंच्या वरच्यांमध्ये. कारण साधं आहे: हाडांच्या टोकांची वाढ थांबवण्यात लैंगिक संप्रेरकांचा हात असतो. ती लवकर काढली की हाड थोडं जास्त लांबतं आणि सांध्याचे कोन बदलतात.

तेव्हा मोठ्या अंगाच्या मादीसाठी थांबणं रास्त आहे, पण दोन वर्षं कशाला? वर्ष ते दीड वर्षात वाढ बहुतेक पूर्ण होते. त्यापुढचा प्रत्येक माज म्हणजे पायोमेट्राची, गर्भाशयात पू होण्याची, आणखी एक संधी. माजानंतर महिना-दोन महिन्यांत मादी खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर पू आतच साठतो. मग तेच ऑपरेशन आजारी जनावरावर करावं लागतं. (नसबंदी जितकी लवकर तितका स्तनांच्या गाठींचा धोका कमी, हे सांगताना दिले जाणारे 0.5, 8 आणि 26 टक्के हे आकडे 1969 सालच्या एका अभ्यासातले आहेत. 2012 च्या आढाव्यात त्यांना मिळणारा पुरावा कमकुवत ठरला, म्हणून माझा भर त्यांच्यावर नाही.)

तुम्ही संस्थेकडे फॉस्टर करार मागा. मादी तुमच्या घरी राहील, मालकी आणि मायक्रोचिपवरचं नाव संस्थेचं, ऑपरेशन संस्थेच्या पशुवैद्याकडे. करारात महिना लिहा, 'योग्य वेळी' असं मोघम नको. टाके निघाले की मालकी तुमच्याकडे. एवढा पाठपुरावा करायला संस्थेकडे माणसं नसतील तर ती आत्ताच ऑपरेशन करून देईल, आणि तेही मला मान्य आहे.

लहान अंगाच्या कुत्र्यांत हा प्रश्नच येत नाही, करूनच द्यावीत. आठ आठवड्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लावरही हे ऑपरेशन होतं, पण ते सवयीचे हात हवेत. उपाशी ठेवायचं ते दोन-चार तासच. रात्रभर ठेवलं तर रक्तातली साखर उतरते. अंगाखाली ऊब हवी, आणि शुद्धीवर आलं की थोडं खायला द्यायचं. दहा आठवड्यांच्या पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायला सांगणारा दवाखाना मी बदलेन. माद्यांच्या बाबतीत शक्य असेल तर वयाचे तीन महिने उलटू द्यावेत, कारण फार लवकर केल्यास पुढे झोपेत लघवी गळण्याचा धोका वाढतो.

अपवाद सांगायचे राहिले. रस्त्यावरून नुकतंच उचललेलं कुत्रं थेट टेबलावर घेऊ नये. गोचीडतापात प्लेटलेट खाली असतात आणि साध्या ऑपरेशनातही रक्त थांबत नाही, म्हणून आधी रक्ततपासणी. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार अंगात मुरत असू शकतो, म्हणून किमान दोन आठवडे वेगळं ठेवायचं. भित्र्या, भीतीपोटी चावणाऱ्या नराचा स्वभाव नसबंदीने सुधारेलच असं नाही, उलट भीती वाढू शकते. तिथे आधी नराचं संप्रेरक तात्पुरतं बंद पाडणारं डेस्लोरेलिनचं सहा महिन्यांचं इम्प्लांट लावून पाहता येतं, मात्र सुरुवातीचे काही आठवडे ते संप्रेरक वाढतं हे घरच्यांना सांगून ठेवावं. आणि नराची नसबंदी झाली तरी महिना-दीड महिना त्याला माजावरच्या मादीपासून लांब ठेवा, नळीत शुक्राणू शिल्लक असतात.

तुमच्या मादीचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर ऑपरेशन आधीच झालंय का, हेही पाहून घ्या. बेंबीखालचे केस काढले की जुना व्रण बहुधा सापडतो. न सापडल्यास एएमएच नावाची रक्ततपासणी अंडाशय शिल्लक आहे का ते सांगते.