वाचक विचारतात : कपारीतले गारेचे तुकडे

प्रश्न : पाटणादेवीच्या वरच्या डोंगरात एका कपारीत नखाएवढे धारदार गारेचे तुकडे पडलेले दिसतात. ही अश्मयुगीन हत्यारे असतील का? घरी आणून ठेवावीत का?
(चाळीसगाव तालुक्यातून)

उत्तर : असू शकतात, पण नुसत्या धारेवरून ठरवू नका. वरून दरड कोसळली किंवा गुरांचा खूर पडला तरी गार धारदारच फुटते. तुकडा तिरप्या उन्हात पाहा. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्याच्या एका टोकाला घाव बसलेली चिमुकली सपाट जागा असते. तिच्या लगेच खाली गुळगुळीत अंगावर फुगवटी येते आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यासारखी वलये पसरतात. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे कंगोरे दिसतात. सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगातली चिमुकली दगडी हत्यारे, बहुधा 1 ते 3 सेंमी लांब, आणि बऱ्याच जणांची एक कड बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली असते. ती कड लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवत. एकटा तुकडा फसवतो. शेजारी समांतर खाचांचा गाभा (ज्यातून छिलके काढले तो दगड) आणि कचपट सापडली, तर तिथे बसून कुणी हत्यारे घडवली असे म्हणता येते.

आणू मात्र नका. कपारीपुढे पावसाळ्यात पागोळ्या पडतात त्या रेघेकडे लक्ष द्या. रेघेच्या आतली माती कोरडी, त्यामुळे थर जागेवर राहण्याची शक्यता जास्त. बाहेर उतारावर मात्र निरनिराळ्या काळांचे तुकडे वाहून एकत्र येतात. म्हणून तुकडा आत होता की बाहेर, हे कळल्याशिवाय त्याचे वय काढणे अवघड. आतही सगळे सुरक्षित नसते : साळिंदराच्या बिळातून गुराख्याच्या परवाच्या चुलीचा कोळसा खाली उतरतो आणि कालमापन चुकते. सहा इंची पट्टी शेजारी ठेवून जागेवरच फोटो घ्या, मोबाइलवर ठिकाण नोंदवा, उकरू नका आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. शिवाय हा डोंगर गौताळा-औट्रामघाट अभयारण्याचा भाग असेल, तर तिथून दगड उचलणेही अंगाशी येईल.

प्रश्न : भीमबेटक्याला इतकी चित्रे, मग आपल्या सातमाळ्यात का नाहीत?

उत्तर : मुख्य फरक खडकाचा. मध्य प्रदेशातले, अश्मयुगीन कातळचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले भीमबेटका विंध्याच्या वालुकाश्मात आहे. तिथल्या कातळाचे पृष्ठभाग टिकाऊ आणि ओणवे. आपल्याकडे बेसाल्ट. त्यातल्या मऊ थराची झीज होऊन वरचा कठीण थर पुढे येतो, तशा कपारी बनतात. पण हा दगड पापुद्रे टाकतो आणि पावसाळाभर पाझरतो. अशा भिंतीवर रंग काढला तरी टिकेल कसा? म्हणून खान्देशात अश्मयुग शोधायचे तर भिंतीपेक्षा नाल्याच्या कापलेल्या काठांवर नजर ठेवावी. भीमबेटक्यालाही चित्रांइतकेच मोल जमिनीखालच्या थरांना आहे. पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी 1957 मध्ये ही जागा उजेडात आणली. पुढे वीरेंद्रनाथ मिश्रांच्या उत्खननात एकाच शैलाश्रयात (माणसे आसऱ्याला राहत त्या कपारीत) पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकावर एक मिळाले.

प्रश्न : खान्देशात शहामृग होते म्हणतात, खरे का?

उत्तर : खरे. भास्कराचार्यांमुळे ठाऊक असलेल्या पाटणे इथेच डॉ. एस. ए. साळी यांनी 1972-73 मध्ये उत्खनन केले. ती जागा कपार नव्हे, उघड्यावरची. तिथे सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी आहे, आणि मणीही सापडले. कवच साधारण 2 मिमी जाड. मणी करताना आधी ओबडधोबड चकती फोडतात, मग भोक पाडतात आणि शेवटी कडा घासून गोल करतात. भोक आधी पाडण्याचे कारण साधे : कवच तिथेच तडकते, आणि चकती गेली तर घासायची मेहनत तरी वाचते.

मात्र कवचावरची प्रत्येक रेघ नक्षी नसते. झाडांच्या मुळ्या कवच खातात आणि जाळीसारखे चर उमटतात. भिंगाखाली हे चर वेडेवाकडे, गोलसर तळाचे दिसतात. गारेच्या टोकाने कोरलेली रेघ सरळ असते आणि तिच्या तळाशी बारीक ओरखडे दिसतात.