आईला ओव्हरीचा कॅन्सर, थर्ड स्टेज, ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे. पुढे नवीन काय आहे?

दादा, केमो संपायची वाट नका बघू, डॉक्टरांना आत्ताच विचारा की आईची बीआरसीए (या कॅन्सरशी जोडलेल्या जीन्सची) आणि एचआरडी (गाठीच्या पेशींना बिघडलेला डीएनए नीट दुरुस्त करता येतो का, ते बघणारी) टेस्ट झाली का, पुढचं बरंच त्याच्यावर अडतं. मी इथं इंदूरलाच लॅबमध्ये आहे, लोक बायॉप्सीचा कागद जपून फाइलला लावतात आणि गाठीचा तुकडा असलेला तो मेणाचा ब्लॉक हॉस्पिटलातच राहतो, एचआरडीला तोच लागतो, मागून घ्या.

बीआरसीएत बिघाड निघाला आणि केमो लागू पडली तर ओलापरिबच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, साधारण २ वर्षं. सोलो-१ ट्रायलमध्ये अशा पेशंटपैकी ७ वर्षांनी गोळीवाल्या ६७ टक्के बायका हयात होत्या, डमी गोळीवाल्या ४६.५, फरक चांगलाच आहे. हिमोग्लोबिन मात्र पडतं, सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, चुकवू नका.

आजार उलटला आणि प्लॅटिनमवाली केमो (कार्बोप्लॅटिनसारखी) चालेना तर मिरवेटक्सिमॅब हे औषध, अमेरिकेत २०२४ला पक्की मंजुरी, तेही गाठीवर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचं प्रोटीन भरपूर असेल तरच, डोळ्यांना त्रास देतं. ते आत्तापासून डोक्यात नका घेऊ.

आणि बीआरसीएतला बिघाड रक्ताच्या टेस्टमध्येही निघाला, म्हणजे आनुवंशिक असला, तर तुम्ही भावंडंपण टेस्ट करून घ्या, नुसत्या बहिणींनी नाही, भावांनीसुद्धा.