वाचकांचे प्रश्न : गोंडीतून संगणक वापरता येईल का?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. वर्गातील बहुतेक मुले घरी गोंडी बोलतात. फायरफॉक्स हा ब्राउझर संथालीतून मिळतो, असे अलीकडे समजले. गोंडीतून असे काही आहे का? फोनमधील भाषांच्या यादीत ती मला सापडली नाही.

उत्तर : विंडोजचे मेनू गोंडीतून मिळत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. गोंडी लिहिणे आणि वाचणे मात्र आजही शक्य आहे. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने देवनागरीत लिहिली जात असल्याने मराठी कीबोर्ड पुरतो. फक्त त्यातील आपोआप शब्द दुरुस्त करण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर मुलांनी लिहिलेल्या चांगल्या गोंडी शब्दांचे मराठी शब्द होऊन बसतात. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये, तर गुंजाळा गोंडी ही दुसरी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक मानकात, आली. दोन्हींसाठी नोटो मालिकेतील फॉन्ट मोफत मिळतात, मात्र जुन्या फोनवर अक्षरांऐवजी चौकोन दिसू शकतात. शाळेत सुरुवात देवनागरीनेच करावी, असे माझे मत आहे.

शोध घेताना फोनच्या यादीवर थांबू नये, कारण ती यादी फोनच्या प्रणालीपुरती असते आणि प्रत्येक सॉफ्टवेअरच्या भाषा वेगळ्या असतात. लिबरऑफिस हे लेखन-हिशेबाचे मोफत सॉफ्टवेअर डाउनलोड करताना भाषा निवडता येते आणि तेथे कोकणी, बोडो, डोगरी, संथालीही आहेत. अँड्रॉइड १३ पासून, ज्या ॲपमध्ये तशी सोय आहे त्याची भाषा फोनच्या भाषेहून वेगळी ठेवता येते. नावाने शोधून काही हाती लागले नाही, तर भाषेच्या आंतरराष्ट्रीय संकेताक्षरांनी शोधावे : गोंडीसाठी 'जी-ओ-एन', तर आपल्याकडील अहेरी गोंडीसाठी 'ई-एस-जी'.

संथाली पुढे गेली, याला कारणे आहेत. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये घडवलेली ओल चिकी लिपी २००८ मध्ये युनिकोडमध्ये आली, त्याआधी २००३ च्या घटनादुरुस्तीने भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि २०१८ मध्ये संथाली विकिपीडिया सुरू झाला. फायरफॉक्सचे भाषांतरही स्वयंसेवकांच्या श्रमांतून होत असते. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख भाषक असलेली गोंडी अनेक राज्यांत विखुरलेली आहे, तिच्या लिपी अनेक आहेत आणि अनुसूचीत तिला अजून स्थान नाही. तरीही फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या पाँटून या भाषांतर-मंचावर नव्या भाषेसाठी विनंती करता येते. त्यासाठी नेटाने काम करणारे चार-पाच गोंडी भाषक मात्र हवेत.

आदिवासी कार्य मंत्रालयाच्या 'आदि वाणी' या २०२५ मधील भाषांतर-ॲपच्या प्रायोगिक आवृत्तीत गोंडी आहे. त्यातून आलेला मजकूर फळ्यावर लिहिण्यापूर्वी एखाद्या गोंडी भाषक पालकाकडून तपासून घ्यावा.