गळ्याला आधी विश्रांती दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नव्या वस्तऱ्याने दाढी केल्यावर गळ्यावर पुरळ आलं आणि आग होते, असं कळवलंस; फोटोही पाहिला. पुरळ पूर्ण बसेपर्यंत तिथे वस्तरा लावू नकोस. फोडांवरून पातं गेलं की ते पुन्हा सोलवटतात.

क्रीम बदलू का, असं विचारलंस. त्याआधी धार बघ. नवा वस्तरा दाढीला तयार असतोच असं नाही. धार असेल तर फेसातून बारीक खर्र असा आवाज येतो आणि केस ओढल्यासारखा वाटत नाही. ओढ बसली की आपण नकळत जोर देतो, मग केसाबरोबर कातडीही खरवडली जाते. तुझी आग तिथलीच असावी. जाणकाराकडून एकदा दगडावर धार लावून घे. स्वतः इतक्यात दगडाच्या नादी लागू नकोस.

चामड्याच्या पट्ट्यावर पातं फिरवणं मात्र प्रत्येक दाढीआधी हवं. पट्टा ताणून धर, झोल पडला तर धार बोथटते. पातं सपाट टेकव, पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचल्यावर पाठीवरूनच उलटव. 30-40 फेऱ्या पुरेत. सलूनमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे आता दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड घालतात. त्या कारागिराचा वेगही उचलू नकोस.

दाढी आंघोळीनंतर कर, ओला केस मऊ पडतो. पातं कातडीशी साधारण 30 अंशांत धर आणि दुसऱ्या हाताने कातडी ताण.

आता गळा. दोन दिवस दाढी वाढू दे आणि बोटं फिरवून बघ. गालावर केस बहुधा खाली उतरतात. गळ्यावर कुठे तिरपे, कुठे चक्क वर जातात. बोट जिकडे न अडखळता सरकतं, तिकडेच वस्तरा न्यायचा. कंठमण्यावरून थेट जाऊ नकोस, तिथली कातडी बाजूला ओढून घे. उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने वस्तरा, काही महिने अजिबात नको. तुझे केस कुरळे आहेत. फार खोलवर कापलेला कुरळा केस वाढताना वळून कातडीतच घुसतो आणि त्याचे फोड येतात. संध्याकाळी हाताला थोडे खुंट लागले तर लागू देत.

माझं ऐक, सुरुवातीला वस्तऱ्याने फक्त गाल कर. बाकीचं नेहमीच्या रेझरने उरकून टाक.

शेवटी गार पाणी मार आणि ओली तुरटी फिरव. ती जिथे जास्त झोंबेल, तिथे हात जड पडला असं समज. वस्तरा पुसून कोरडा कर. पावसाळ्यात पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लाव, नाहीतर गंज धरेल. वस्तरा कुणाला वापरायलाही देऊ नकोस.

क्रीम आहे तेच चालू दे. सुगंधी आफ्टरशेव्ह मात्र सध्या बंद. धार लावून आणलीस की पहिल्या दाढीनंतर गालाचा फोटो पाठव.

तुझा,
काका