पत्र्यात गोल भोक पाडायचंय, हत्यार कुठलं घेऊ? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात पॅनलच्या वायरिंगबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच, भोक. वायर, एमसीबी, लग सगळं नीट जमतं आणि माणूस अडतो तो पत्र्यात गोल, स्वच्छ भोक पाडताना. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न त्यावरचेच घेतलेत.

प्रश्न: भोसरीत गाळा आहे, कंट्रोल पॅनल बनवतो. दरवाजा १.६ एमएम सीआरसीएचा (कोल्ड रोल्ड लोखंडी पत्र्याचा), पावडर कोटिंग होऊन आलेला, त्यात पुश बटन आणि इंडिकेटरसाठी २२.५ एमएमची भोकं लागतात. आत्तापर्यंत आधी १० चं ड्रिल, मग २२ चं, मग गोल कानस असं चाललंय. भोक तिकोनी होतं, कडेचं कोटिंग उडतं, पोरांचा अर्धा दिवस कानशीत जातो. होलसॉ (कपासारखी गोल करवत) घेऊ, स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचं निमुळतं ड्रिल) घेऊ की पंच? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

तिकोनी होतंय त्यात पोरांच्या हाताचा दोष नाही हो. साध्या ड्रिलचं टोक ११८ डिग्रीचं असतं, म्हणजे २२ च्या ड्रिलचं नुसतं टोकच साधारण साडेसहा एमएम उंच आणि तुमचा पत्रा १.६ चा. टोक पार पलीकडे निघून जातं तरी बाहेरच्या कडा अजून पत्र्याला लागलेल्या नसतात, मग ड्रिलला मधे धरून ठेवणारं काहीच उरत नाही, ते हेलकावत कापतं आणि दोन धारांचं ड्रिल असं मोकळं सुटलं की भोक तीन कोपऱ्यांचं होतं. त्यात तुम्ही आधी १० चं मारता, म्हणजे टोकाला बसायला जी थोडी जागा होती ती पण गेली.

तुमच्या कामाला नॉकआउट पंच. रोज एकच साईज, पत्रा पातळ, कोटिंग झालेला, दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना हात जातो, मग दुसरा विचारच नको. एका बाजूला कप म्हणजे डाय, दुसऱ्या बाजूला पंच, मधून स्टड म्हणजे आट्यांचा दांडा, पान्याने आवळत गेलं की पंच पत्र्यातून ओढला जातो आणि चकती कापली जाऊन कपात पडते. कोटिंगला चटका बसत नाही, कड जवळजवळ तयारच मिळते, बोटाने चाचपून बघा, कानस लागलीच तर एखादा हात. १.६ च्या सीआरसीएमधे २२.५ चा पूर्ण परीघ एकदम कापायचा म्हटलं तर साडेतीन टनाच्या आसपास जोर लागतो, पण पंचाची धार उतरती असते त्यामुळे तो जोर थोडा थोडा लागतो आणि हाताच्या पान्याने काम होतं. स्टडच्या आट्यांना ग्रीस मात्र प्रत्येक वेळी लावायला सांगा, कोरडा स्टड आवळून आवळून आटे गेले की लोक पंचाला नावं ठेवतात. दिवसभर तेच काम असेल तर हायड्रॉलिक पंप घ्या, पोरांचे खांदे वाचतील.

आता घेताना एक गोष्ट नक्की बघा. पंचाच्या डब्यावर 'अर्धा इंच' लिहिलेलं असेल तर तो अर्धा इंचाचं भोक पाडत नाही, अमेरिकन पद्धतीत ते आकडे कॉन्ड्युइटचे, म्हणजे वायरच्या पाइपचे, असतात, अर्धा इंच कॉन्ड्युइटचा पंच पाडतो २२.५ च्या आसपास आणि पाऊण इंचाचा पाडतो २८ च्या थोडं वर. तुमच्यासाठी अर्धा इंचवाला बरोबर बसतो, पण हे माहीत नसलं की माणूस तो परत ठेवतो आणि पाऊण इंच म्हणजे १९ असेल असं समजून भलताच घेऊन येतो. पुण्यात बोहरी आळीत किंवा तपकीर गल्लीत जाताना खिशात एक पुश बटन आणि व्हर्निअर ठेवा, डब्यावरचा आकडा वाचू नका, पंच मोजा. बटनाच्या फिरण्याला अडवणारी खाच हवी असेल तर खाच पाडणारा पंच वेगळा मिळतो, तोही तिथेच विचारा.

स्टेप ड्रिल वाईट नाही, महिन्याला दोनचार भोकं असती तर तेच सांगितलं असतं. पण बाजारात सर्रास मिळतं ते ४ ते ३२ वालं, दोन-दोन एमएमच्या पायऱ्यांचं, त्यात २२ आहे, २४ आहे, २२.५ नाहीच. २२ मधे बटन जात नाही, २४ मधे डगडगतं. पीजी (आट्यांचं जुनं जर्मन माप) साईजच्या पायऱ्यांचं स्टेप ड्रिल मागा, त्यात पीजी १६ ची पायरी २२.५ ची असते. आणि पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर एक पायरी पूर्ण व्हायच्या आत पुढची कापायला लागते. भोक पूर्ण झाल्यावर पुढची पायरी कडेला हलकेच टेकवली की त्या बाजूची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार किनार, पण निघते, ही स्टेप ड्रिलची खरी मजा आहे.

प्रश्न: सिंहगड रोडच्या एका सोसायटीत इलेक्ट्रिकलचं काम बघतो. एका सभासदाला गाडीचा चार्जर बसवायचाय, मीटर रूममधल्या पॅनलला नवीन केबलसाठी एम२५ ग्लँडचं (केबल पॅनलला घट्ट धरणाऱ्या, २५ एमएम आट्यांच्या जोडाचं) भोक पाडायचंय. कमिटी म्हणते लाईट बंद न करता करा, लिफ्ट आहे, पाणी चढवायचं असतं. होलसॉने पटकन होईल का?

होईल पटकन, आणि तेच नको. चालू पॅनलमधे होलसॉ चालवला की लोखंडाचा कीस आत पडतो, बारीक, वळलेला, धारदार, तो बसबारच्या (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांच्या) मधे किंवा एमसीबीच्या टर्मिनलवर अडकला की भडका उडणार, आज नाही तर दोन महिन्यांनी, कंप वाढला, कीस सरकला की. कमिटीला हे स्पष्ट सांगा, लिफ्ट दोन तास बंद राहिल्याची तक्रार सहन होते, मीटर रूम पेटलेली नाही होत.

मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूची, महावितरणकडून येणारी टर्मिनल जिवंतच असतात हे विसरू नका, सप्लाय कुठून तुटणार ते आधी ठरवा, कुलूप लावा, टेस्टरवर न थांबता मीटरने तिन्ही फेज तपासा, आणि लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरची सही लागते ते काम त्याच्याच देखरेखीत करा.

मग भोक. सगळ्यात आधी पॅनलखाली वाका आणि बघा, बहुतेक पॅनलला खाली ग्लँड प्लेट असते, वेगळी, स्क्रूने लावलेली. ती सुटत असेल तर सप्लाय तोडल्यावर प्लेट काढायची, बाहेर नेऊन टेबलावर भोक पाडायचं, बर काढायची, कापलेल्या कडेला झिंकचा प्रायमर लावायचा आणि परत बसवायची, आत एक कण जात नाही. चार स्क्रू काढायचा कंटाळा म्हणून लोक वायर लावलेल्या पॅनलमधे ड्रिल घालतात, याची मला खरंच चीड येते.

प्लेटमधून आधीच्या केबल गेल्या असतील आणि ती निघत नसेल तर मग पंच. पंच कीस करत नाही, चकती कपात राहते. पण स्टड जायला आधी १० एमएमचं भोक लागतंच आणि त्याचा कीस होतोच, हे कोणी सांगत नाही. त्यासाठी आतल्या बाजूने भोकाच्या बरोबर मागे पुठ्ठा धरून टेपने चारी बाजू बंद करायच्या, ड्रिलच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावायचा म्हणजे कीस त्यात चिकटून राहतो, सावकाश ड्रिल मारायचं, बाकीच्या पॅनलवर जाड कापड टाकायचं, झाल्यावर व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. हवेने फुंकायचं नाही, फुंकलं की तोच कीस कॉन्टॅक्टरच्या आत जाऊन बसतो.

एम२५ ग्लँडला भोक २५.५ चं. अर्धा एमएमपेक्षा जास्त ढिलाई दिली की ग्लँड तिरका बसतो, वॉशर एका बाजूने चेपतं आणि पावसाळ्यात पाणी तिथूनच आत येतं.

प्रश्न: नऱ्ह्याला हॉटेल किचनचं काम करतो. ३०४ स्टेनलेसच्या सिंकला, १.२ एमएम जाडी, नळासाठी ३५ चं भोक. बायमेटल होलसॉ दोन भोकांत संपतो, निळा पडतो. चांगला ब्रँड कुठला?

ब्रँड बदलून काही होणार नाही, स्पीड बदला. हातातलं साधं ड्रिल मशीन अडीच-तीन हजार आरपीएमने फिरतं. ३०४ ला होलसॉच्या दाताचा वेग मिनिटाला १० मीटरच्या आसपास पाहिजे, म्हणजे ३५ च्या होलसॉला शंभरच्या आसपास आरपीएम, हिशोब सोपा आहे, वेग गुणिले १०००, त्याला ३.१४ आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागायचं. बॅटरीवालं दोन गिअरचं मशीन पहिल्या गिअरमधे टाका आणि ट्रिगर अर्धाच दाबा.

दुसरं, ३०४ घासलं की कडक होतं. दाब कमी देऊन नुसतं फिरवत ठेवलं तर दात कापत नाहीत, पत्रा चकाकतो आणि मग त्या कडक झालेल्या थरावर कुठलाच होलसॉ चालत नाही. दाब पहिल्यापासून सारखा ठेवा, चिप निघत राहिली पाहिजे, निघायची थांबली की थांबा आणि तेल टाका. स्टीलसाठीचं कटिंग ऑइल वापरा, पाणी नको. ३०४ मधून उष्णता साध्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांशच वेगाने निघते, म्हणून सगळा ताप दातांवर येतो आणि निळे पडतात ते त्यामुळेच.

नवीन घ्यायचंच असेल तर कार्बाइडच्या दातांचा, टीसीटी होल कटर घ्या, बाहेरून कॉलर असलेला. पातळ स्टीलमधे कड फार सुंदर देतो, पण मशीन जरा तिरकं झालं किंवा हॅमर मोड चालू राहिला की दाताचा टवका उडतो, म्हणून घाई असलेल्या पोराच्या हातात देऊ नका. वर्कशॉपमधे सिंक ओट्यावर बसायच्या आधी मिळत असेल तर पंच सगळ्यात छान, फक्त तो स्टेनलेससाठी म्हणून विकला जाणारा हवा, साध्या पत्र्याच्या पंचाची धार ३०४ मधे बोथट होते. इथे जोर भोसरीवाल्यांच्या जवळपास दुप्पट लागतो, तेव्हा हायड्रॉलिकच बघा.

प्रश्न: पिरंगुटला फॅब्रिकेशन आहे. १० एमएम एमएस (साधं लोखंड) बेस प्लेटला २६ ची भोकं, साईटवर. होलसॉ मारतो, फार वेळ जातो.

हे होलसॉचं काम नाही. मॅग्नेटिक ड्रिल आणि अ‍ॅन्युलर कटर, १९ एमएमच्या वेल्डन शँकचा (मशीनमधे बसणाऱ्या चपट्या बाजूच्या दांड्याचा). हा कटर पूर्ण भोकाचा चुरा न करता फक्त कडेची चर कापतो, मधला तुकडा आख्खा बाहेर पडतो, भोक गोल आणि सरळ. मॅग्नेटखालचा रंग आणि गंज खरवडून काढा, नाहीतर पकड राहत नाही, उंचावर असाल तर सेफ्टी चेन बांधल्याशिवाय स्विच ऑन करू नका, लाईट गेली की मॅग्नेट सुटतं. ३०४ वर आणि अ‍ॅल्युमिनियमवर हे मशीन चिकटतच नाही, आणि पातळ पत्र्यावर पकड नावापुरती असते. भाड्याने मिळतं, चारसहा प्लेटसाठी विकत घेऊ नका.

प्रश्न: कोथरूडहून. स्पीकर कॅबिनेट आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा छंद आहे. २ एमएम अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनलला ११० एमएमचं भोक पाडायचंय, फ्लाय कटर चालेल का?

चालेल, पण हातातल्या मशीनवर अजिबात नाही. एका बाजूला लांब दांडी आणि टोकाला एकच धार, ती अडकली की मनगट जातं. ड्रिल प्रेस हवा, पत्रा खाली लाकडाच्या फळीवर क्लॅम्पने आवळलेला, सगळ्यात कमी स्पीड, तेलाऐवजी थोडं रॉकेल चालतं, अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटत नाही. अर्धं एका बाजूने कापा, मग उलटून दुसऱ्या बाजूने, म्हणजे शेवटी चकती सुटताना धार गुंतत नाही आणि दोन्ही कडा स्वच्छ येतात. फिरत असताना ती दांडी दिसत नाही, बाही आणि हातमोजे दोन्ही काढून ठेवा, चष्मा लावा. ड्रिल प्रेस नसेल तर ड्रॉइंग काढून भोसरीत एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडे जा, एक नगही कापून देणारे असतात, भोकाबरोबर स्क्रूची छोटी भोकं पण त्याच ड्रॉइंगमधे टाका, आणि त्याला आधी विचारून घ्या की अ‍ॅल्युमिनियम कापतो का, सगळेच घेत नाहीत.