यीस्टची वाढ मोजून पोट भरेल का?

प्रश्न : एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला फिशन यीस्टवरचा (मधोमध विभागून वाढणाऱ्या एकपेशीय बुरशीवरचा) प्रकल्प मिळालाय. दोन-दोन जनुकं बिघडवायची आणि पेशींची वाढ मोजायची. मैत्रिणी कॅन्सरवर काम करतायत. घरचे विचारतात, यीस्टची वाढ मोजून पोट भरणार आहे का? विषय बदलून घेऊ का?

उत्तर : घाई करू नकोस. तुझ्या पत्रात मैत्रिणी आहेत, घरचे आहेत. हे काम तुला आवडतं का, ते मात्र कुठेच नाही.

आधी कॅन्सरचं. एक जनुक गेलं तर पेशी तगते, दोन्ही गेली तर मरते, अशा जोड्या तू शोधणार आहेस. बीआरसीए हे डीएनए-दुरुस्तीचं जनुक बिघडलेल्या कॅन्सरवर पार्प हे दुरुस्तीतलंच दुसरं प्रथिन रोखणारी औषधं देतात, ती याच तत्त्वावर. शिवाय पेशी कधी विभागायची हे ठरवणारी यंत्रणा समजली त्यात या यीस्टचा मोठा वाटा आहे. त्या कामासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्स यांना 2001 मध्ये नोबेल विभागून मिळालं. त्यातली वी-1 आणि सीडीसी-25 ही जनुकांची जोडी मला फार आवडते. वी-1 पेशीला विभाजनापासून थोपवतं, सीडीसी-25 तो अडसर काढतं. सीडीसी-25 बिघडलं की पेशी नुसती लांबत जाते, विभागत नाही. पण सोबत वी-1ही बिघडवलं तर विभागते! अडसरच नाही, मग काढणाऱ्याचं काम काय?

तुझं रोजचं काम मात्र इतकं रंजक नसेल. एका जनुकाविना वाढ नेहमीच्या 80 टक्के, दुसऱ्याविना 70. दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल तर दोन्हींविना साधारण 56 अपेक्षित. 30च भरली किंवा 70वर थांबली, की तिथे काहीतरी शिजतंय. पण 56 च्या जागी 60 आली तर? ती जनुकांची करामत, की प्लेटच्या कडेला कॉलनी (यीस्टपेशींचे ठिपके) जरा जास्त फोफावतात त्याचा परिणाम? हे ओळखायला संख्याशास्त्र लागतं, थोडं प्रोग्रामिंगही. पोटाचा प्रश्न बराचसा इथेच सुटतो, कारण हे कौशल्य औषधकंपनीतही चालतं आणि जीवशास्त्राबाहेरही. निव्वळ संशोधनातच राहायचं असेल तर पीएच.डी.ची वर्षं आणि नंतरच्या हंगामी नेमणुका घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

विषय बदलण्याआधी एक दिवस टेट्रॅड, म्हणजे एकत्र तयार झालेले चार बीजाणूंचे संच, सोडवायला बस. मायक्रोस्कोपखाली बारीक सुईने चार-चार बीजाणू एकेक उचलून ओळीत मांडायचे. दुपारपर्यंत मान अवघडेल, ती सगळ्यांचीच अवघडते. काही दिवसांनी कुठल्या जागी कॉलनी उगवलीच नाही, हे बघायला तू सकाळी लवकर लॅबमध्ये पोचलीस, तर विषय राहू दे. प्लेट इन्क्यूबेटरमध्येच विसरलीस, तर गाइडकडून आकडेवारीची बाजू मागून घे. आणि तीही रटाळ वाटली, तर मला पुन्हा लिही.