कंत्राटाचा प्रश्न आणि कासारवडवलीचा फ्लॅट

ऐरोलीत भाड्याने राहणाऱ्या ३९ वर्षांच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ११ वर्षे एकाच कंपनीत कायमस्वरूपी नोकरी, सीटीसी (कंपनीचा त्यांच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) पावणेसोळा लाख, बेसिक म्हणजे मूळ पगार दरमहा ५० हजार, हातात दरमहा १ लाख ८ हजार. पत्नीने सध्या नोकरी सोडलेली आहे, मुलगी चौथीत आहे आणि मधुमेह असलेली आई सोबत राहते. ठाण्यातील एका कंपनीने ११ महिन्यांच्या, पुढे वाढवता येईल अशा कंत्राटावर दरमहा १ लाख ७५ हजार देऊ केले आहेत. नोकरी सोडावी का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. शेवटच्या परिच्छेदात मात्र ते जाता जाता लिहितात की कासारवडवलीला १ कोटी १५ लाखांचा बांधकामाधीन फ्लॅट बुक केला आहे, आजवरच्या बचतीतून ११ लाख भरले आहेत, ८६ लाखांचे कर्ज मंजूर आहे, राजीनाम्यानंतर पीएफचे १७ लाख मिळतील ते त्यातच घालायचे आहेत आणि मेट्रो सुरू झाली की पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल.

आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. १ लाख ८ हजार आणि १ लाख ७५ हजार यांतला ६७ हजारांचा फरक हा आपला फायदा नाही. नोकरीत हातात येणाऱ्या सुमारे १३ लाखांवर पीएफचे आपले आणि कंपनीचे मिळून १ लाख ४४ हजार, नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचे वर्षाला साधारण २९ हजार आणि आईसह चौघांच्या आरोग्य विम्याचे ६०-७० हजार धरले, तर नोकरीचे मोल करानंतर साडेपंधरा लाखांच्या आसपास जाते. कंत्राटात वर्षाला दीड महिना कामाविना जाईल असे धरा, कारण दोन कंत्राटांमध्ये तेवढी फट पडतेच; उरतात १८ लाख ४० हजार. व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत, जिला सगळे ४४एडीए म्हणून ओळखतात, यातले निम्मेच करपात्र धरता येते आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो. ही तरतूद आपल्या कामाला लागू होते का, हे मात्र सीएकडून लेखी घ्या. त्यांची फी आणि लॅपटॉपसारखा किरकोळ खर्च वजा जाता फायदा उरतो वर्षाला अडीच लाखांहून थोडा कमी, म्हणजे महिन्याला २० हजार. त्यासाठी पगारी रजा, नोटीस कालावधी आणि कंपनीचा विमा सोडायचा की नाही, हे माणसाच्या स्वभावावर ठरते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेल्या माणसाला मी नाही म्हणणार नाही.

आपल्याकडे तो बाजूला नाही, कारण तो कासारवडवलीत गेला आहे, आणि खरी काळजी तिथे आहे. ७५ लाखांवरील गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, म्हणून आपल्याला ८६ लाख मिळाले. उरलेले २९ लाख आपले. त्यावर ठाण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ८ लाख आणि ५ टक्के जीएसटी म्हणजे पावणेसहा लाख. हे जवळपास १४ लाख आपल्या पत्रात कुठेच नाहीत. एकूण ४३ लाखांपैकी ११ भरले, पीएफचे १७ घातले, ग्रॅच्युइटीचे ३ लाखही घातले, तरी १२ लाखांची तूट राहते, आणि तोपर्यंत निवृत्तीसाठी एक रुपयाही शिल्लक नसतो. पीएफची सगळी रक्कम राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी हाती पडत नाही, हे वेगळेच.

पूर्ण कर्ज उचलल्यावर ८ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता ७२ हजार होईल आणि ताबा मिळेपर्यंत ऐरोलीचे २८ हजार भाडेही चालू राहील. म्हणजे १ लाख ८ हजारांतून घरखर्चाला ८ हजार. मला वाटते की कंत्राटाचा विचार आपल्या मनात इथून आला आहे. पण हे कर्ज आपल्या पगाराच्या स्लिपांवर मंजूर झाले आहे, आणि वितरण टप्प्याटप्प्याने होत असताना आपण नोकरी सोडली हे बँकेपासून लपवणे योग्य नाही, सांगितले तर ती पात्रता पुन्हा तपासू शकते. व्यावसायिकाकडून बँका सहसा दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागतात, आणि त्या विवरणपत्रांत आपण कर वाचवण्यासाठी उत्पन्न निम्मेच दाखवलेले असेल.

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी जवळपास १५ टक्के वाढ. कासारवडवलीच्या घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चे खांब कित्येक वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. मेट्रोमुळे होणारी वाढ बिल्डरने आपल्याला सांगितलेल्या दरात आधीच लावलेली आहे. या आशेवर पीएफ मोडू नये.

करारनामा अजून नोंदवलेला नाही, हे आपल्या पत्रातले सर्वांत चांगले वाक्य. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या नमुना वाटपपत्रानुसार (बुकिंगनंतर बिल्डर देतो ते पत्र) ६० दिवसांनंतर बुकिंग रद्द केल्यास किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत कपात होते, म्हणजे २ लाख ३० हजार. त्याआधी केल्यास कमी. आपल्या वाटपपत्राची तारीख आणि कलम आजच पाहा. माझा सल्ला रद्द करण्याचा आहे. परत आलेल्या पावणेनऊ लाखांतून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मग कंत्राटाचा विचार करा.

एक राहिले. बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने 'विमा आणि निवृत्ती एकत्र' म्हणून गळ्यात मारलेल्या पॉलिसीत आपण दरवर्षी १ लाख २० हजार भरता आणि संरक्षण मिळते १२ लाखांचे. एकट्याच्या कमाईवर चाललेल्या घराला हे १२ लाख एका वर्षात हातात येणाऱ्या पगाराइतकेही नाहीत. दीड कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा, आपल्या वयात वर्षाला साधारण पंचवीस-तीस हजारांत मिळतो आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तो नोकरीत असतानाच घ्या, कारण पगाराच्या स्लिपांवर मिळतो तेवढ्या सहज नंतर मिळत नाही. तो हाती आल्यावर जुनी पॉलिसी पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी संरक्षणावर चालू, करता येईल का, ते विमा कंपनीला विचारा. कंपनीच्या गट आरोग्य विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्जही राजीनाम्यापूर्वीच द्या. आईचा मधुमेह नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षेत, म्हणजे दाव्याबाहेर, राहू शकतो.

आणि कंत्राटावर सही करण्यापूर्वी १ लाख ७५ हजारांत जीएसटी धरला आहे का, ते लेखी विचारा. वर्षभर काम मिळाले तर बिल २१ लाखांचे होते आणि २० लाखांवर जीएसटी नोंदणी सक्तीची आहे. रक्कम 'सर्व करांसह' असेल तर आपल्या वाट्याला महिन्याला दीड लाखही येत नाहीत, आणि मग वर मोजलेला २० हजारांचा फायदाही राहत नाही.